आत्ताच जेवून उठलो

१

हल्ली माणूस जेवून उठला की ढेकर देत नाही, तारे देतो. गल्ल्याशेजारी प्लास्टिकच्या स्टँडवर एक चौकोनी कोड असतो. तो मोबाईलनं स्कॅन केला की हॉटेलचं पान उघडतं. तिथं एकापासून पाचपर्यंत तारे द्यायचे आणि जेवण कसं होतं ते दोन ओळींत लिहायचं. लक्ष्मीपुरीतल्या आमच्या 'बसवेश व्हेज'मध्ये हे प्रकरण मी बरेच दिवस शिरू दिलं नव्हतं. जेवण आवडलं तर माणूस परत येईल, नाही आवडलं तर तोंडावर बोलेल, एवढाच आमचा हिशेब.

पण समोर एक चकचकीत हॉटेल झालं आणि आमची दुपारची गर्दी तिकडं वळली. मग स्कूटरवरून गावभर असे कोड बसवत फिरणारी क्रांती नावाची मुलगी एक दिवस आली आणि मला शहाणं करून गेली. "काका, लोक आता पानपट्टीवाल्याला विचारत न्हाईत, कुटं जेवू म्हणून. मोबाईलला विचारत्यात. मोबाईलला तुमी म्हाईतच न्हाई." हे मात्र मला लागलं. गेली कितीतरी वर्षं आम्ही या गावाला जेवू घालतोय आणि मोबाईलला माहीत नाही!

तर गल्ल्यावर दोन स्टँड आले, एक पैशाचा आणि एक ताऱ्यांचा. एक पाव्हणं पैशाऐवजी पाच तारे देऊन ऐटीत निघालं, त्याला माझ्या बायकोनं, रक्षितानं, रस्त्यात गाठून परत आणलं. गल्ला तीच सांभाळते, म्हणून आम्ही अजून उभे आहोत.

खंडेनवमीला आम्ही हॉटेलातल्या सगळ्या हत्यारांची पूजा करतो. विळ्या, झारे, मिक्सर, बिलाचं मशीन, सगळ्यांना रक्षितानं फुलं वाहिली. आम्ही लिंगायत, त्यामुळं प्रत्येकावर विभूतीची तीन बोटं आणि मधोमध कुंकू. ताऱ्यांच्या स्टँडवर तिनं नेमकी कोडावरच तीन बोटं ओढली.

"अगं, त्याच्यावर नको. चालायचं न्हाय ते," मी म्हणालो.

"मिक्सरला लावलं तर मिक्सर चालतोय की," ती म्हणाली, आणि विषय संपला.

त्याच संध्याकाळी एक पिकल्या केसांचे गृहस्थ जेवून गल्ल्याशी आले. पूर्वी कॉलेजात असताना इथं जेवायचो म्हणाले. त्यांनी कोड स्कॅन केला, चष्मा वर सरकवला आणि हसले. "मालक, तुमचं जुनंच पान उघडतंय की अजून."

ते गेल्यावर मी माझ्या मोबाईलनं करून बघितलं. वर नाव होतं, 'बसवेश खानावळ'. खाली आमच्या जुन्या लाकडी दाराचा फोटो, दारात चपलांचा ढीग. असा फोटो कुणी काढल्याचं मला आठवत नव्हतं. त्याखाली लोकांनी लिहिलेलं होतं, आणि प्रत्येकाच्या नावाखाली वेळेच्या जागी एकच शब्द होता, 'आत्ताच'.

२

खानावळ म्हणजे आमच्या हॉटेलचा आधीचा जन्म. तेव्हा टेबलं नव्हती, पाट होते. भिंतीला खिळे मारलेले, पोरं सदरे काढून त्यावर अडकवायची आणि बनियनवर जेवायला बसायची, इतका घाम यायचा. मागच्या खोलीत चुलींची रांग होती. तिथं माझी आई, गंगव्वा, चार बायका हाताशी घेऊन भाकरी थापायची. आम्ही तिला अव्वा म्हणायचो, म्हणून कॉलेजची पोरंही अव्वाच म्हणायची. भाकरी तव्यावरून उतरली की थेट ताटात यायची. पापुद्रा फोडला की वाफ तोंडावर. पोरं वाढप्याला शिव्या द्यायची, एकमेकांना द्यायची, पण चुलीकडं बघून कुणी आवाज चढवल्याचं मला आठवत नाही.

माझे वडील, अप्पा, गेले, अव्वाचे हात आखडले, आणि मी खानावळीचं 'व्हेज' केलं. चुली फोडून फरशी घातली. आता त्या खोलीत तेलाचे रिकामे डबे, मोडक्या खुर्च्या आणि कुलूप. भाकरी आमच्याकडं अजून मिळते, तानाबाई पुढच्या किचनमध्ये गॅसवर करते. बरी असते. माणसानं किती खोटं बोलावं, म्हणून 'बरी' म्हणतो.

त्या पानावर मात्र भाकरी बरी नव्हती. कुणीतरी लिहिलं होतं, 'आत्ताच जेवून उठलो. भाकरी अशी की नुसती खावी. अव्वांनी मागायच्या आधी चटणी वाढली.' लिहिणाऱ्याचं नाव आकाराम. मला तो लगेच आठवला. गगनबावड्याचा पोरगा, तिथल्या पावसानं त्याच्या ट्रंकेतले कपडेसुद्धा दमट असायचे. अव्वा ते चुलीमागं वाळत टाकायची. जयसिंगपूरच्या कुणी लिहिलं होतं, 'भरल्या वांग्यात आज तेल जरा सढळ. असंच राहू दे.' मी गल्ल्यावर बसून ते सगळं वाचलं आणि माझे डोळे भरून आले. खोटं कशाला सांगू, नव्या पानावरचं कौतुक मी आडव्या नजरेनंही वाचत नव्हतो.

क्रांतीला बोलावलं. तिनं स्वतःच्या मोबाईलनं स्कॅन केला तर सरळ 'बसवेश व्हेज' उघडलं. माझ्या मोबाईलवरचं पान बघून ती बुचकळ्यात पडली. "कोड एकतर उघडतोय, न्हाईतर उघडत न्हाई, काका. राखेनं दुसरंच पान उघडतंय असं काय नसतंय. तुमच्या जुन्या पोरांतल्याच कुणीतरी बनवलं असणार."

मलाही तेच पटलं. पोरंच ती, म्हातारी झाली तरी पोरंच. रात्री झोपायच्या आधी मी ते अव्वाला वाचून दाखवलं.

अव्वा वर माडीवर असते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, हृदयात ताकद राहिलेली नाही, कामाचा ताण अजिबात पडता कामा नये, नुसती विश्रांती घेतली तर अजून काही वर्षं तुमच्यात राहतील. त्यामुळं आम्ही तिला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नव्हतो. आणि काम काढून घेतल्यावर ती बोलायचीच बंद झाली होती, जेवण दोन घासांवर आलं होतं. मला रोज वाटायचं, ही आपल्या देखत विझत चालली आहे.

आकारामचं नाव ऐकलं आणि ती उठून बसली. "चटणी लई लागती त्याला. आनि कोन कोन आल्तं?"

मी वाचत गेलो. ती प्रत्येकाची खोड सांगत गेली. तिच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी तजेला आला होता. मग रोज रात्री वाचन सुरू झालं. पानावर रोज नवीन लिहिलेलं असायचंच.

३

हॉटेलात दुपारची जेवणं आटोपली की एक मरगळलेली वेळ येते. पंखे फिरत असतात, टेबलं पुसलेली असतात, आणि मी गल्ल्यावर पेंगत असतो. अशा वेळी एकदा मला मागून भाकरी थापल्याचा आवाज आला. थप थप थप, मग परात फिरवल्याची घासट, मग पुन्हा थप थप.

तानाबाई संध्याकाळची तयारी करत असेल म्हणून मी डोळे मिटले. मग आठवलं, तानाबाई भाचीच्या लग्नाला मलकापूरला गेली होती.

मी उठून मागं गेलो. किचन रिकामं होतं. बोळाच्या टोकाला त्या खोलीचं पत्र्याचं दार, त्याला कुलूप. आवाज थांबला होता. दाराला हात लावला तर पत्रा गरम लागला, जवळजवळ चटका बसेल इतका. दुपारचं ऊन खात असेल, असं मी स्वतःला समजावलं आणि परत येऊन बसलो. त्या बोळात कधीच ऊन येत नाही, हे मला गल्ल्यावर टेकल्यानंतर सुचलं.

कुलूप काढून बघायला पाहिजे होतं, हे मलाही कळतं. पण किल्ली ड्रॉवरमध्ये समोर असून मी ती घेतली नाही. त्याऐवजी आकारामचा नंबर शोधला. चार ठिकाणी विचारल्यावर मिळाला. तो आता पुण्यात असतो, रिटायर झाला आहे. मी नाव सांगताच तो फोनवरच ओरडला.

"अमरेश! अरं, कालच जेवून गेलो की लेका!"

"कुटं जेवून गेलास?"

तो ओशाळून हसला. "स्वप्नात रं. दुपारी आडवा झालो की रोज पडतंय. पाटावर बसतो, अव्वा गरम गरम वाढत्यात. उठतो तर पोट भरलेलं असतंय. तोंडाला चटणीचा वास येतोय, खरं सांगतो."

"आनि मोबाईलवर तूच लिहितोस न्हवं?"

"मी? मला फोन उचलायला येतोय तेवढंच लई हाय."

मग त्याच्या बायकोनं फोन घेतला. ती पुण्याची असावी. "भाऊ, तुम्ही तरी सांगा यांना. घरात घासभर जेवत नाहीत. जेवूनच आलोय म्हणतात. अंगावरचे कपडे सैल व्हायला लागलेत."

मी 'सांगतो' म्हणालो. काय सांगणार होतो, देव जाणे.

४

रक्षिताला आधी कळलं. अव्वाला आंघोळ घालताना तिनं हाक मारली. "अवो, हिकडं या. आत्तींचं हात बगा."

अव्वाच्या तळहातांवर फोड आले होते. नखांच्या कडेला पांढरं काहीतरी चिकटलं होतं, वाळलेलं. मी ते बोटावर घेऊन चोळलं. जोंधळ्याचं पीठ होतं.

"अव्वा, खाली गेलीस काय तू?"

"मी कशाला जातो?" अव्वा म्हणाली. आमच्याकडच्या जुन्या बायका स्वतःबद्दल असंच पुरुषासारखं बोलतात. "मी झोपलोय की हितं." मग थोड्या वेळानं, डोळे न उघडता म्हणाली, "दमलो बग लई. मानसं काय सरनात."

डॉक्टर आले, तपासलं, आणि आम्हाला बाहेर घेऊन रागावले. या बाईंना कामाला लावता का, असं त्यांनी मला सरळ विचारलं. नाडी मजुरासारखी पळतेय म्हणाले. असंच चाललं तर महिनासुद्धा निघणार नाही. मी शपथेवर सांगितलं, ती माडीवरून उतरलेली नाही. जिना रक्षिताच्या नजरेसमोर असतो. डॉक्टरांचा विश्वास बसला नाही, आणि त्यांच्या जागी माझाही बसला नसता.

मी खाली येऊन ओल्या फडक्यानं स्टँड लखलखीत पुसला. विभूती गेली, कुंकू गेलं. स्कॅन केला, तर पुन्हा तेच दार, तोच चपलांचा ढीग. ढीग मला वाढलेला दिसला. स्टँडच उचलून कचऱ्यात टाकला. पान मोबाईलमध्ये तसंच राहिलं. आता मिरजेचं, निपाणीचं, कुठल्या कुठल्या गावांचं लिहिलेलं येत होतं. मुंबईचं, दुबईचं. इतकी माणसं आमच्याकडं जेवून गेली होती, आणि त्यांतल्या कुणालाच पोटभर झालं नव्हतं.

"काय लिवलंय ह्यांनी?" रक्षितानं मोबाईल हातात घेऊन वाचलं. वाचता वाचता तिचा आवाज चढला. "असंच ऱ्हाऊ दे. असंच ऱ्हाऊ दे म्हणं! चुलीम्होरं तिचा जीव जायचा, ते कुणाला दिसलं न्हाई? सगळ्यास्नी तिच्या हातची भाकरी पायजे. तुमी तरी येगळं काय करायलाय? रोज रात्री वाचून दावताय. जावा की, जावा म्हणून हाकलतायच तिला."

मला राग आला, आणि राग येण्यासारखं त्यात काहीच खोटं नव्हतं. ती बोलत असताना मागून आवाज सुरूच होता, आता एका नाही, बऱ्याच परातींचा. रक्षितानं तो ऐकल्याचं दिसलं नाही. मी मात्र तो आवाज ऐकत बसलो होतो, आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं.

५

उपाय मला गल्ल्यावर बसून सुचला. माणसं कशानं येणं बंद करतात, हे हॉटेलवाल्याला सांगावं लागत नाही.

मी पान उघडलं, स्वतःच्या नावानं एक तारा दिला आणि लिहायला बसलो. 'भाकरी कच्ची.' एवढं लिहून माझा हात थांबला. अव्वाच्या भाकरीला कुणी कच्ची म्हणालं असतं तर अप्पांनी त्याची पोतडी रस्त्यावर फेकली असती, आणि मी ती लांबवर ढकलली असती. 'आमटी पचपचीत. पूर्वीची चव राहिली नाही. कुणी जाऊ नये. अमरेश.' बटण दाबलं आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडलो. आईच्या जेवणाला नावं ठेवणारा मुलगा मी उभ्या आयुष्यात बघितला नव्हता.

आवाज त्या दुपारी थांबला.

उपाय लागू पडला. पानावर नवीन कुणी लिहीना. आकारामच्या बायकोचा फोन आला, हे घरात जेवायला लागले, पण कोल्हापूरच्या खानावळीची चव गेली म्हणून दिवसभर कुरकुर करतात. अव्वाचे फोड सुकले. नाडी उतरली. रक्षिता तिला पेज भरवायची आणि ती मुकाट्यानं खायची. मी वाचून दाखवणं बंद केलं होतं, आणि तिनंही विचारलं नाही. आम्ही सुटलो, असं मला वाटलं. समोरच्या हॉटेलवाल्याशीसुद्धा मी हसून बोललो.

मग एका सकाळी मी तिच्या उशाशी औषध घेऊन गेलो. तिनं माझ्याकडं बघितलं. असं तिनं माझ्याकडं कधी बघितलं नव्हतं, लहानपणी मार देतानाही नाही.

"कच्ची लागली व्हय रं तुला?"

हे मी तिला वाचून दाखवलं नव्हतं. रक्षितालाही सांगितलं नव्हतं.

"न्हाय अव्वा. कोन म्हनलं तुला?"

ती भिंतीकडं वळून झोपली.

६

त्याच दिवशी दुपारी मी गल्ल्यावर होतो. रक्षिता बँकेत गेली होती. पंखा फिरत होता. आवाज आला, पण एकाच परातीचा, सावकाश. मधल्या दिवसांत तो रांगेतल्या सगळ्या परातींचा मिळून यायचा.

मी आधी माडीवर धावलो. अंथरूण रिकामं होतं. चादरीत खोलगट भाग होता, तिथं हात ठेवला तर गार.

मग बोळात गेलो. कुलूप लोंबत होतं, उघडं. दाराच्या फटीतून तांबडा उजेड येत होता आणि ओल्या लाकडाचा धूर. पत्रा ढकलला. तेलाचे डबे नव्हते. फरशी नव्हती, शेणानं सारवलेली जमीन होती. पलीकडच्या चुली थंड, अंधारात, आणि कोपऱ्यात एकच पेटलेली. तिच्यापुढं पाठमोरी अव्वा. अंगावर हिरवं लुगडं. अंबाडा काळाभोर होता आणि मान मात्र म्हातारीची, वाकलेली. तिच्या पलीकडं अंधारात आणखी कुणी बसलं होतं की नव्हतं, ते मी नीट बघितलं नाही. मला बघायचं नव्हतं.

भिंतीशी एकच पाट मांडला होता. एक ताट, तांब्याभर पाणी.

आणि तेव्हा मला कळलं मी काय करून बसलो होतो. खानावळीत कुणी ताटावरून नाराज उठल्याचं कानावर आलं, तर अव्वा त्याला पुन्हा बोलावून बसवायची. स्वतः ताज्या भाकरी करून वाढायची, आणि तो ताटावर हात आडवा धरून 'पुरे' म्हणेपर्यंत चुलीपुढून हलायची नाही. पोरं या रीतीची थट्टा करायची. मोबाईलवरची कागाळी तिच्यापर्यंत पोहोचेल, असं माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"बस की," वळून न बघता अव्वा म्हणाली.

मी बसलो. बसायचं, एक घास खायचा, 'पुरे' म्हणायचं आणि तिला उचलून बाहेर न्यायचं, हे मी मनाशी पक्कं केलं होतं.

भाकरी ताटात पडली. पापुद्रा फुगलेला, कडेला एक काळा डाग. मी फोडला, वाफ तोंडावर आली. शेजारी चटणी होती, मागायच्या आधी वाढलेली. मी पहिला घास घेतला आणि कितीतरी वर्षांनी जेवलो. मधल्या वर्षांत मी जे खाल्लं त्याला जेवण म्हणत होतो, याची मला लाज वाटली. ती भाकरी कधी संपली ते समजलं नाही. दुसरी पडली. तीही संपली.

थप थप थांबलं. अव्वानं एक हात छातीवर ठेवला होता. तिचा श्वास मला पाटावरून ऐकू येत होता, तुटक, वरच्यावर. मग तिनं तो हात खाली घेतला, परातीतला उंडा उचलला आणि पुन्हा थापायला लागली, आधीपेक्षा हळू.

बाहेरून, खूप लांबून आल्यासारखी रक्षिताची हाक आली. "अवो! आत्ती माडीवर न्हाईत! अवो, कुटं हायसा तुमी?"

तिसरी भाकरी ताटात आली. अव्वा आता भिंतीला टेकली होती. तिचं बोलणं जेमतेम फुटत होतं.

"लागली काय न्हाई चांगली? आनि वाढू?"

मी हात उचलला. ताटावर आडवा धरायलाच उचलला होता.

"अर्धी वाढ," मी म्हणालो.